विषय : ३०० ओहमसाठी म्हणून विकलेला ट्यूब ॲम्प आणि "कमी ओहमचा हेडफोन लावून बघा" हे तुमचं उत्तर

प्रति,
मॅनेजमेंट (कृपया सर्व्हिस सेंटरकडे फॉरवर्ड करू नका, त्यांच्याशी बोलून झालंय)

आत्ताच तुमच्या सर्व्हिसवाल्याचा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलोय. कंपनी तुमची महाराष्ट्रातली, मी इंदूरचा, रामबागेत राहतो, तर मराठीतच लिहितो, म्हणजे कळलं नाही असं कोणी म्हणायला नको. मॉडेल सांगायची गरज नाही, ट्यूबचा (काचेच्या वॉल्वचा) हेडफोन ॲम्प तुम्ही एकच बनवता, पुढे एक १२एयू७ ट्यूब, मागे एक ६०८० ट्यूब, ओटीएल (आउटपुट ट्रान्सफॉर्मरविना). बिल आणि सिरीयल नंबरचा फोटो जोडलाय.

तक्रार काय आहे तर उजव्या बाजूला आवाज कमी येतो, उजव्या बाजूलाच सतत घूंऽऽ असा हम आहे, आणि तुम्ही खोक्यावर आउटपुट इम्पीडन्स (ॲम्पचा स्वतःचा आतला विरोध) जो ३५ ओहम छापलाय तो या ॲम्पचा नाहीये. वॉरंटी चालू आहे. यात न कळण्यासारखं काय आहे?

आता फोनबद्दल लिहितो, कारण तुमच्या नावाने काय काय बोललं जातं ते तुम्हाला कळायला पाहिजे. तुम्ही कॉल रेकॉर्ड करता असं सुरुवातीलाच सांगता, तर ऐकून घ्या, मी एक शब्दही वाढवून लिहीत नाहीये.

मी सगळं सविस्तर सांगितलं. त्याने विचारलं, "सर, हेडफोन कितीचा आहे?" मला वाटलं किंमत विचारतोय. "नाही सर, ओहम." म्हटलं ३००, सेनहायझरचा एचडी ६५०. थोडा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. मग म्हणाला, "सर, तोच प्रॉब्लेम आहे. तीनशे खूप जास्त होतो. तुम्ही ३२ ओहमचा लावून बघा ना, मोबाईलबरोबर आला असेल तो." मी विचारलं, तुमच्यासमोर प्रॉडक्टचं पान उघडं आहे का? हो म्हणाला. म्हटलं पहिली ओळ वाचा. त्याने वाचली, मोठ्याने, मला ऐकू येईल अशी, "हाय इम्पीडन्स हेडफोनसाठी खास, ३०० ते ६०० ओहम." वाचून झाल्यावर एक सेकंद थांबला आणि म्हणाला, "हो सर, पण जनरली कमी ओहम चांगला असतो."

मी म्हटलं टेक्निकलवाल्यांना द्या. होल्ड. बराच वेळ तुमची ती ट्यून ऐकली. परत तोच आला, "सर, टेक्निकल टीम म्हणते की ट्यूबमध्ये थोडाफार फरक नॉर्मल आहे, ट्यूबचा साउंड वॉर्म असतो." अहो, एका कानाला कमी ऐकू येणं म्हणजे वॉर्म साउंड? मी तसंच विचारलं. तर तो म्हणाला, आणि हे वाक्य मी त्याच क्षणी कागदावर उतरवून घेतलंय, "मग सर तुम्ही एकदा कान चेक करून घ्या, वयानुसार होतं कधी कधी."

माझं वय त्याने विचारलं नव्हतं. आवाजावरून ठरवलं. ज्या कंपनीचा अख्खा धंदा लोकांच्या कानांवर चालतो तिचा माणूस गिऱ्हाइकाला कान तपासून ये म्हणतो! आणि हे मी त्याला आधीच सांगितलं होतं की मी हेडफोन उलटा घालून बघितलाय, तेव्हा कमी आवाज डाव्या कानात आला. म्हणजे कान ठीक आहे. एचडी ६५० च्या दोन्ही वायरी निघतात, त्या डावी-उजवी बदलल्या, तेव्हा कमी आवाज दुसऱ्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे हेडफोनमधल्या दुसऱ्या छोट्या स्पीकरमध्ये गेला. म्हणजे हेडफोन ठीक आहे. ॲम्पच्या मागच्या, सिग्नल आणणाऱ्या आरसीए केबल उलट्या लावल्या, तरी कमी उजवीकडेच. म्हणजे डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल बनवून ॲम्पला देतो तो डबा) पण ठीक आहे. मग राहिलं काय, तुमचा ॲम्प. हे सगळं त्याने ऐकून घेतलं, हो सर हो सर केलं, आणि शेवटी कान.

त्या मुलावर माझा राग नाही खरंच. त्याच्यासमोर जी स्क्रीन ठेवली असेल तीच तो वाचणार. राग तुमच्यावर आहे, कारण ती स्क्रीन तुम्ही लिहिलीये, आणि ओटीएल म्हणजे काय हे तुम्हाला नक्की माहीत आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसतो, ट्यूबच थेट हेडफोन चालवते. ट्यूब व्होल्टेज भरपूर देते पण करंट द्यायला तिला जड जातं, म्हणून तिला पुढे मोठ्या ओहमचा लोड लागतो. ज्युलियस फुटरमनने १९५४ मध्ये आपलं ओटीएल डिझाइन मांडलं तेव्हाही १६ ओहमचे स्पीकर हे सोपे आणि ४ ओहमचे अवघड होते, गणित तेव्हापासून तेच आहे. ३२ ओहमचा इयरफोन या ॲम्पला लावला तर ट्यूबने दिलेल्या व्होल्टेजमधला पाव हिस्सासुद्धा इयरफोनपर्यंत पोचणार नाही, बाकी सगळं ॲम्पच्या स्वतःच्या रेझिस्टन्समध्ये जाणार. म्हणजे तुमचा माणूस मला जे करायला सांगतोय ते या मशिनसाठी सगळ्यात चुकीचं आहे. उद्या कोणी नवशिक्या खरंच त्याचं ऐकेल, मोबाईलचा इयरफोन लावेल, फुसका आवाज ऐकेल आणि म्हणेल की ट्यूब बिब सगळं थोतांड आहे. हे नुकसान कोणाचं?

आता तुमच्या ३५ ओहमकडे येतो. मी हा ॲम्प त्या आकड्यावर घेतला. आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाच्या आत असावा असं सगळे धरून चालतात, ३०० भागिले ८ म्हणजे ३७.५, तुमचे ३५ त्यात बसत होते. हा आकडा बहुतेक तुम्हीही त्याच हिशोबाने निवडला असावा असं आता मला वाटतं.

मी मोजलं. ४०० हर्ट्झचा टोन चालू केला, जॅकला काही न लावता व्हॉल्यूम असा ठेवला की मल्टीमीटरवर एसी १.०० व्होल्ट येईल, दोन्ही बाजूंना १.०० च आले. मग जेल रोडवरून आणलेला ३३० ओहमचा रेझिस्टर, नारिंगी-नारिंगी-तपकिरी पट्ट्यांचा साधा अर्ध्या वॉटचा, आधी जॅकच्या टिप आणि स्लीव्हमध्ये, म्हणजे डाव्या बाजूला लावला. मीटर ०.७५ वर आला. मग रिंग आणि स्लीव्हमध्ये, म्हणजे उजव्या बाजूला लावला. ०.६६. पुन्हा केलं, तेच. पुन्हा केलं, तेच. याचा हिशोब शाळेतला आहे, डावीकडे ११० ओहम होतात आणि उजवीकडे १७०. ३५ असते तर मीटरवर ०.९० दिसायला पाहिजे होते. लोड नसताना दोन्ही बाजू सारख्या आणि लोड लावला की उजवी खाली बसते, म्हणजे १२एयू७ ठीक आहे, ६०८० चा एक भाग कमजोर आहे. एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे दोन स्वतंत्र ट्यूब असतात, एक डाव्या चॅनलला, एक उजव्या, त्यातला उजवा गेलाय. हे रामबागेत बसून मल्टीमीटरवर कळतं, तुमच्या टेक्निकल टीमला होल्डवर ठेवूनही कळत नाही.

पण उजवी बाजू सोडा, डावी बाजू तरी ३५ का नाही? ६०८० ची डेटाशीट काढा. ही ट्यूब मुळात पॉवर सप्लायच्या रेग्युलेटरसाठी बनवलेली, प्लेट रेझिस्टन्स (ट्यूबचा आतला रेझिस्टन्स) २८० ओहम, ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर २. कॅथोड फॉलोअर (ट्यूबच्या कॅथोडवरून आउटपुट घ्यायची जोडणी) केला तर २८० भागिले २ अधिक १, म्हणजे भागिले ३, म्हणजे ९३ च्या आसपास, आणि तेसुद्धा डेटाशीटमधल्या १२५ मिलिॲम्पियर करंटवर. करंट कमी ठेवला, जो सगळे कमीच ठेवतात कारण नाहीतर ट्यूब लवकर मरते, तर आकडा वरच जातो. मला ११० मिळाले ते बरोबरच आहेत. फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत इनपुटला देणं) लावून ३५ वर आणता येतं, येतं ना, पण तुमच्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, झीरो फीडबॅक. तर मग ३५ आले कुठून? चॅनलला एकच भाग, फीडबॅक शून्य, आणि ३५ ओहम, या तिन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असूच शकत नाहीत. यातली कुठली खोटी आहे ते मला लेखी सांगा.

आणि यात सगळ्यात वाईट काय वाटतं माहितीये, ११० लिहिलं असतं तरी चाललं असतं! एचडी ६५० चा इम्पीडन्स बासमध्ये १०० हर्ट्झच्या जवळपास ५०० च्या घरात जातो, ११० ओहमवर तिथे जेमतेम एक डेसिबल उचल मिळते, बऱ्याच लोकांना ती आवडते, ट्यूब ॲम्प लोक त्यासाठीच घेतात. माझ्या मित्राकडे बायरडायनामिकचा ६०० ओहमचा डीटी ८८० आहे, त्याला तर ११० काहीच नाही. खरं लिहून विकण्यासारखं प्रॉडक्ट होतं तुमचं. पण उजवीकडे १७० आहेत, त्यामुळे ३०० ओहमवर दोन बाजूंत सव्वा डेसिबलच्या आसपास फरक पडतो आणि मधोमध असायला हवा तो गळा डावीकडे सरकतो.

मी काय ऐकतो ते सांगतो. इंदूरचा आहे, उस्ताद अमीर खाँसाहेबांचं गाव हे, त्यांचा विलंबित मारवा ऐकतो. त्या गाण्यात शांतता फार आहे. ते एक स्वर घेतात, सोडतात, मग नुसता तानपुरा आणि झुमरा तालाचा ठेका, पुढची सम दूर असते, आणि पुन्हा खालून खर्जातून सुरुवात होते. त्या सगळ्या मोकळ्या जागांमध्ये माझ्या उजव्या कानात तुमचा घूं वाजत असतो. व्हॉल्यूम शून्य केला तरी तेवढाच, म्हणजे तो डॅकमधून येत नाही हेही मी सांगून झालंय. त्यावर उत्तर काय तर स्टॅबिलायझर लावा. बरं, व्होल्टेजचंच बोलायचं तर मागच्या पट्टीवर तुम्ही इनपुट २२० व्होल्ट छापलंय. भारतात २३० असतात आणि आमच्याकडे रात्री २४५ पण येतात. ट्यूबमधल्या ६.३ व्होल्टच्या हीटरला तेव्हा ७ मिळणार, आणि १० टक्क्यांची सूट धरली तरी मर्यादा ६.९ आहे. भारतात विकायचं तर ट्रान्सफॉर्मर भारताचा घालायचा, की तो खर्चही गिऱ्हाइकानेच करायचा?

तुमचा छोटा डॅक मी आधी घेतला होता, अजून एक नंबर चालतो, इथल्या चार लोकांना मीच सांगून घ्यायला लावला. आपल्याकडे बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्स रेडिओचे वॉल्व बनवायची, आमच्या घरच्या रेडिओत तेच होते, त्यामुळे इथे कोणीतरी परत ट्यूबवर काम करतंय म्हटल्यावर मला मनापासून आनंद झाला होता. चिनी ॲम्प स्वस्त मिळत होता, तो सोडून तुमचा घेतला. आणि तुम्ही मला कान तपासायला सांगता.

आता काय पाहिजे ते लिहितो. हा पीस परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या. किंवा दुसरा पीस द्या, पण तो पाठवायच्या आधी दोन्ही चॅनलचा आउटपुट इम्पीडन्स लोड लावून मोजा आणि आकडे कागदावर सही करून द्या, मी इथे परत मोजणार आहे. नुसती ६०८० पाठवून "तुम्हीच बदलून बघा" हे चालणार नाही, कारण व्होल्टेजचं आणि ३५ चं त्याने काही होत नाही. वेबसाइटवरून ३५ काढा. आणि सर्व्हिसवाल्यांच्या स्क्रीनवरून ते "कमी ओहमचा लावा" आजच्या आज काढा, हे पैशांपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी ग्राहक आयोगात जाणार. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी राहतो तिथेच, म्हणजे इंदूर जिल्हा आयोगातच तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, आणि खोटा आकडा छापून माल विकणं हे त्याच कायद्यात फसव्या जाहिरातीत येतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद तर उद्याच करतोय, त्यासाठी पंधरा दिवस थांबणार नाही. मल्टीमीटरचे व्हिडिओ आहेत, दोन्ही बाजूंचे, न कापलेले. तुमचं कॉल रेकॉर्डिंग तुम्ही आणा.

फोन करू नका, मेलवरच उत्तर द्या. ॲम्प मूळ खोक्यात भरून ठेवलाय, दोन्ही ट्यूब काढून वेगळ्या गुंडाळल्यात, सील तसंच आहे. कुरियर तुम्ही पाठवायचा, खर्च तुमचा, आणि येणाऱ्या माणसाला काच आहे हे आधी सांगून ठेवा.