आईच्या बांगड्या

रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

तुझा फोन आला तेव्हा घरात माणसं होती, म्हणून तोडका बोललो. गावात आमच्या नावानं बोंब चाललीय, हे खरं. आबांना जाऊन दोन महिने होत आले, पण चर्चा आबांची नाही, आईच्या कपाळाची आहे.

तुला आपल्याकडची रीत ठाऊक आहे. तिरडी उचलायच्या आधी भावकीतल्या म्हाताऱ्या पुढं होतात. थोरल्या काकींनी आईचा हात उंबऱ्यावर धरला होता आणि दुसऱ्या हातात तुळशीजवळचा दगड. हिरव्या बांगड्या, आठ दिवसांपूर्वी कासाराकडं भरलेल्या. आबा दवाखान्यातून घरी येणार म्हणून भरल्या होत्या रे. मी खाली बसलो आणि आईचं मनगट धरलं. "काकी, हे आपल्या घरात होणार नाही." काकी दगड टाकून उठल्या. म्हणाल्या, "मग अग्नी तरी कशाला देतोस? ती बी रीतच हाय की."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

गंमत बघ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ ला ठराव केला, की कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या गावांसाठी परिपत्रक काढलं आणि मग आपल्या गावानंही हात वर करून तोच ठराव केला. त्या हातांतले दोन हात त्या दिवशी आमच्या अंगणात होते, पाठीमागं बांधलेले. एकजण माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ठराव ठरावाच्या जागी. आज कशाला?"

मग आज नाही तर कधी? वर्षश्राद्धाला?

तेराव्याला दीडशे माणसांचा स्वयंपाक सांगितला होता, साठ जेवली. उरलेला भात दोन दिवस म्हशीला घातला. ते मी सोसलं असतं. पण भाचीचं ठरत आलेलं स्थळ होतं ना, त्या पावण्यांचा निरोप आला, "यंदा नको, पुढच्या साली बघू." तेव्हापासून आक्का माझा फोन उचलत नाही. तिचं काय चुकलं?

त्यावरून धोंडो केशव कर्वे आठवले. ११ मार्च १८९३ ला त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, लग्न केलं. कर्वे पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवत होते. तिकडं कोकणात, मुरुडला, गावकऱ्यांनी बैठक घेऊन त्यांना वाळीत टाकलं, आणि घरच्यांनी त्यांना थारा दिला तर त्यांच्यावरही बहिष्कार, असं ठरवलं. शिक्षा किती हुशारीनं बेतलीय बघ. ज्याचा पगार गावावर अवलंबून नाही त्याला गाव काय करणार? म्हणून त्याच्या माणसांना धरायचं. १९५८ साली, कर्व्यांनी शंभरी गाठली तेव्हा, त्यांना भारतरत्न मिळालं. मुरुडच्या त्या घरात मधल्या काळात कुणी काय गिळलं, त्याला कसला किताब? तत्त्व माझं आणि बिल आक्काच्या नावावर, असं झालंय.

तरी झोप उडालीय ती वेगळ्याच कारणानं. महिन्याभरानंतर एका संध्याकाळी आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एक हात तिनं वढला, एक तू. मला कुणी इचारलं व्हय?"

बंड्या, खरंच विचारलं नव्हतं. माझ्या डोक्यात हेरवाड होतं, कर्वे होते, सगळं होतं. ती तिथंच उंबऱ्याशी बसली होती, वीतभर अंतरावर.

मग विचारलं, फार उशिरा. तिनं पायातली जोडवी आपल्या हातानं काढून फळीवरच्या डब्यात टाकली. "टोचत्यात. एकेचाळीस वर्सं टोचत्यात." मंगळसूत्राचं अजून ठरलेलं नाही म्हणते. बांगड्या आहेत, कुंकूही लावते. परवा तशीच दळण घेऊन गेली, तर गिरणीत बायका बोलायच्या थांबल्या. पीठ होईस्तोवर तिथंच बसून राहिली आणि आल्यावर मला एवढंच सांगितलं, की गिरणीवाला आता किलोमागं रुपाया जास्त घेतो.

पुन्हा तो प्रसंग आला तर मी तेच करीन. फक्त आधी तिच्याकडं बघीन.

दिवाळीला येशील तेव्हा थोरल्या काकींकडंही जाऊन ये. आमच्या घरी त्या पाऊल टाकत नाहीत, पण आईच्या चहाला रोज सकाळी नातवाच्या हातून तांब्याभर दूध येतं. तांब्या घासून मी परत नेतो. दार लोटलेलं असतं. पायरीवर ठेवतो, कडी वाजवतो आणि येतो.

तुझाच,
दाद्या