आवृत्ती १.७ नंतर आमची सेव्ह फाइल उघडत नाही, याबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: ईमेलवर चालू असलेला चौघांचा डाव अपडेटमुळे बंद पडल्याबाबत.

संदर्भ: आपल्या सपोर्ट विभागाकडे नोंदवलेली तीन तिकिटे (तक्रारी). तिन्ही ‘निकाली’ म्हणून बंद केलेली.

महोदय/महोदया,

आपल्या टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीने चाल करायच्या, कॉम्प्युटरवरील रणनीती खेळाची मी चार वर्षांपासूनची ग्राहक आहे. आम्ही चौघांनी या खेळाच्या चार प्रती विकत घेतल्या, आणि त्यामागे कारण एकच होते. सेव्ह फाइल ईमेलने एकमेकांना पाठवून हा खेळ खेळता येतो, असे आपण विक्रीच्या पानावर ठळक लिहिले होते. ते वाक्य आजही तिथे आहे. प्रत्यक्षात सहा आठवड्यांपासून ते शक्य नाही.

आमचा सध्याचा डाव एकोणीस महिने चालला आहे आणि १८७ व्या टर्नवर अडकून पडला आहे. खेळणारे आम्ही चौघे: मी, माझा धाकटा भाऊ, माझी एक मैत्रीण आणि तिचे वडील. त्यांना आम्ही काका म्हणतो. भाऊ जिथे राहतो तिथे आमची दुपार म्हणजे त्याची मध्यरात्र. मैत्रीण रुग्णालयात नर्स आहे आणि तिची पाळी दर आठवड्याला बदलते. चौघांनी एका वेळी स्क्रीनसमोर बसणे एकोणीस महिन्यांत एकदाही जमलेले नाही, आणि जमण्याची गरजही पडली नाही. ज्याचा टर्न असेल त्याने सवडीने फाइल उघडायची, आपली चाल खेळायची आणि फाइल पुढच्याला पाठवायची. मैत्रीण रात्रपाळीहून आली की झोपण्याआधी अर्धा तास खेळते. भाऊ सुट्टीच्या दिवशी दोन-दोन तास नकाशा बघत बसतो.

आपल्या सपोर्टमधून आलेली उत्तरे वाचून मला असे वाटले की, असे खेळणे म्हणजे नेमके काय असते हे तिथे कुणाला ठाऊक नसावे. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

एकट्याने खेळणाऱ्यासाठी सेव्ह फाइल म्हणजे उद्या पुढे खेळण्याची सोय. आमच्यासाठी ती फाइल म्हणजेच डाव. नकाशा, प्रत्येकाची शहरे, सैन्याच्या तुकड्या, खजिना, झालेले तह, प्रत्येकाचा पासवर्ड, सगळे त्या एका फाइलमध्ये असते. दुसरीकडे कुठे, कुठल्याही सर्व्हरवर, आमच्या डावाचे काही नाही. लढाईचा निकाल ज्या आकड्यावरून ठरतो तो सीडही आपल्या खेळात फाइलबरोबरच साठवला जातो, त्यामुळे फाइल पुन्हा उघडून तोच हल्ला केला तरी निकाल बदलत नाही. हे आपल्या लोकांनी फार विचारपूर्वक केलेले काम आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही आम्ही आपापसांत नियम केला आहे की आलेली फाइल एकदाच उघडायची आणि खेळूनच बंद करायची. एकोणीस महिन्यांत तो कुणी मोडल्याची शंकासुद्धा आली नाही.

काका प्रत्येक फाइलला ठरावीक पद्धतीने नाव देतात: आधी डावाचा क्रमांक, मग टर्न, मग पुढे कुणी खेळायचे त्याचे नाव. मेलच्या विषयात ते नेहमी ‘खलिता रवाना’ असे लिहितात आणि खाली दोन-चार ओळींचा मजकूर. कधी तहाचा प्रस्ताव, कधी धमकी, कधी नुसतेच ‘आपल्या सरहद्दीवर धूळ दिसते, खुलासा व्हावा.’ मी त्यांच्या पूर्वेच्या बंदरावर चाल करून गेले तेव्हा त्यांनी मला जे पत्र पाठवले ते मी अजून मधूनमधून वाचते. उमेदीच्या काळात त्यांनी पोस्टकार्डांवर बुद्धिबळ खेळले आहे, एका डावाला दोन-अडीच वर्षे लागायची म्हणतात. एडिंबरा आणि लंडन या दोन शहरांच्या क्लबांनी १८२४ ते १८२८ अशी चार वर्षे टपालाने सामना खेळला आणि एडिंबराने तो जिंकला, हे मला त्यांच्याकडूनच कळले. बुद्धिबळातल्या स्कॉच ओपनिंग या सुरुवातीला त्याच सामन्यामुळे ते नाव पडले. दूर बसलेल्या माणसाची चाल येण्याची वाट बघणे हा त्यांच्या दृष्टीने खेळाचाच भाग आहे. आपला खेळ त्यांना त्यासाठीच आवडला.

आता झाले काय ते सांगते. १८७ व्या टर्नची फाइल भावाने खेळून काकांना पाठवली. त्या रात्री आपल्या लाँचरने (खेळ सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) काकांच्या कॉम्प्युटरवरचा खेळ १.६ वरून १.७ वर नेला. विचारणा झाली नाही. अपडेट नको म्हणण्याचे बटणही नाही. ते घेतल्याशिवाय खेळ सुरू होत नाही. सकाळी काकांनी फाइल उघडली. लोडिंगची पट्टी निम्म्याच्या पुढे गेली, थांबली आणि चौकट आली: ‘ही फाइल या आवृत्तीशी सुसंगत नाही.’ खाली एकच बटण, ‘ठीक आहे’. काकांना वाटले, आपल्याच हातून काही बिघडले. त्यांनी भावाला फाइल पुन्हा पाठवायला सांगितली, झिप करून पाठवायला सांगितली, शेवटी मेल नको म्हणून पेन ड्राइव्हवरही घेऊन पाहिली. चार दिवस ते स्वतःची चूक शोधत राहिले. त्या चार दिवसांबद्दल मला सर्वांत जास्त राग आहे, कारण चूक त्यांची नव्हतीच, आणि आपल्या चौकटीत एक वाक्य जास्त असते तर त्यांना ते लगेच कळले असते.

फाइल खराब झालेली नाही, याची आम्ही खात्री करून घेतली आहे. भावाकडे एक जुना लॅपटॉप आहे. तो बरेच दिवस नेटला जोडलेला नव्हता, त्यावर १.६ तशीच होती. नेट बंद ठेवून त्याने तीच फाइल त्यावर उघडली. उघडली. पासवर्ड विचारला गेला आणि नकाशा समोर आला, आम्ही सोडला होता तसाच. त्याने स्क्रीनचा फोटो काढून आम्हा सगळ्यांना पाठवला. म्हणजे डाव जिवंत आहे. तो वाचायचे आपल्या नव्या आवृत्तीने नाकारले आहे. पहिल्या टर्नपासूनच्या साडेसातशेच्या आसपास फाइली आमच्या मेलबॉक्समध्ये आजही आहेत. त्यातली एकही १.७ मध्ये उघडत नाही.

आपल्या सपोर्टला मी तीनदा लिहिले. पहिले उत्तर: खेळ काढून पुन्हा इन्स्टॉल करा. केला. अर्थातच १.७ च पुन्हा आली. दुसरे उत्तर: सेव्ह फोल्डर पूर्ण रिकामे करा आणि मग प्रयत्न करा. हे वाचून मी हादरले. ज्या ग्राहकाची तक्रारच सेव्ह फाइल उघडत नाही ही आहे, त्याला ती पुसून टाकायला सांगायचे? माझ्या मैत्रिणीने रात्रपाळीहून आल्यावर, डोळ्यांवर झोप असताना, हा सल्ला तंतोतंत पाळला. आमचे डाव मेलमध्ये असतात म्हणून ते वाचले. पण तिने एकटीने खेळलेले आणि कुणालाच न पाठवलेले दोन डाव त्या फोल्डरबरोबर कायमचे गेले. हे नुकसान सपोर्टच्या लेखी सल्ल्यामुळे झाले आहे, आणि तो सल्ला देणारे उत्तर मी या पत्राला जोडते आहे. कृपया ते वाक्य आपल्या ठरावीक उत्तरांतून आजच काढून टाका. माझ्या बाकी कुठल्या मागणीला वेळ लागला तरी चालेल, याला लागू नये.

तिसरे उत्तर असे: ‘ईमेलने खेळण्याच्या सोयीऐवजी आता क्लाउड मोड उपलब्ध आहे, कृपया त्याचा लाभ घ्यावा.’

तो मोड, ज्यात डाव फाइलऐवजी आपल्या सर्व्हरवर राहतो, मी वापरून पाहिला. काहींना तो सोयीचा असेल, मी नाकारत नाही. पण आमच्यासाठी तो पर्याय नाही. एक तर त्यात नवाच डाव सुरू करावा लागतो, चालू फाइल आत घेता येत नाही. दुसरे म्हणजे ७२ तासांत चाल खेळली नाही तर कॉम्प्युटर त्या खेळाडूच्या वतीने खेळून मोकळा होतो. मैत्रिणीला कामामुळे सलग चार दिवस सवड मिळाली नाही की तिचे राज्य यंत्राच्या हाती जाणार. काका ऑपरेशनसाठी अकरा दिवस रुग्णालयात होते तेव्हा आम्ही तिघे निवांत थांबलो होतो, कुणाचीही कसली तक्रार नव्हती. घरी आल्यावर त्यांनी पहिला खलिता रवाना केला तो दिवस आम्हा सगळ्यांना लक्षात आहे. ७२ तासांच्या घड्याळात हे बसत नाही.

आणि सर्व्हरचे आयुष्य कुणाच्या हातात असते? २०१४ च्या मे अखेरीस गेमस्पाय ही खेळाडूंना ऑनलाइन जोडणारी सेवा बंद झाली तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेल्या कितीतरी खेळांचे ऑनलाइन डाव खोळंबले. ज्या खेळांत फाइल मेलने पाठवायची सोय होती, ते त्या मार्गाने पुढे खेळता येत होते, कारण मधे कुणाचा सर्व्हर लागतच नव्हता. १९९९ च्या एज ऑफ वंडर्समध्ये ही सोय होती, २००० च्या कॉम्बॅट मिशनमध्ये होती, २००५ च्या सिव्हिलायझेशन ४ मध्ये होती. माझ्या मते या प्रकारच्या खेळाला इतकी साधी आणि टिकाऊ दुसरी पद्धत सापडलेली नाही, आणि आपल्याकडे ती होती म्हणूनच आम्ही आपले ग्राहक झालो.

नवी आवृत्ती काढू नका, असे माझे म्हणणे नाही. १.७ मध्ये जहाजांचे नियम बदलले आहेत आणि त्यासाठी फाइलची रचना बदलावी लागली, असे आपल्या बदलांच्या यादीतून दिसते. ते समजू शकते. पण रचना बदलली म्हणजे जुनी फाइल टाकून द्यावीच लागते असे नाही. १९९६ मध्ये पहिल्यांदा बाहेर आलेला फ्रीसिव्ह हा मोफत खेळ घ्या. तो हौशी लोक आपल्या फावल्या वेळात सांभाळतात, तरी जुन्या आवृत्तीच्या सेव्ह फाइली नव्या आवृत्तीत वाचता याव्यात म्हणून त्यात वेगळा कोड लिहिलेला आहे. पैसे घेऊन खेळ विकणाऱ्या कंपनीला हे जमू नये, हे मला पटत नाही. तेही तूर्त शक्य नसेल, तर निदान १.६ ही आवृत्ती निवडण्याची मुभा द्या. स्टीम या खेळविक्रीच्या सेवेवर अनेक खेळांच्या जुन्या आवृत्त्या बीटाच्या (चाचणी आवृत्त्यांच्या) यादीतून निवडता येतात. ज्याचा जुना डाव चालू आहे तो जुन्यावर राहतो, संपला की नव्यावर येतो. आपल्या लाँचरमध्ये असे एक बटण आले की आमच्यापुरता प्रश्न त्याच दिवशी मिटतो. आम्हाला १.७ ची घाई नाही. हा डाव संपायला अजून निदान सहा-आठ महिने लागतील, तोवर १.६ आम्हाला पुरते.

यापुढे सेव्ह फाइलची रचना बदलणारे अपडेट येणार असेल तर ते आपोआप उतरू नये. आधी स्पष्ट विचारावे: तुमचे चालू डाव यानंतर उघडणार नाहीत, पुढे जायचे का? आणि ईमेलने खेळण्याची सोय आपण कायमची काढली असेल तर विक्रीच्या पानावरचे ते वाक्यही काढा, आणि त्या वाक्यावर विसंबून ज्यांनी खेळ घेतला त्यांचे पैसे परत करा. आम्हा चौघांना पैसे नको आहेत. डाव हवा आहे. पण दोन्ही मिळणार नाहीत असे होऊ शकत नाही.

या पत्राचे लेखी उत्तर पंधरा दिवसांत मिळावे, आणि ते ठरावीक साच्यातले नसावे, ही विनंती. शक्य असल्यास ज्यांनी सेव्ह फाइलचे काम केले आहे त्या प्रोग्रामरपर्यंत हे पत्र पोहोचवावे. त्यांना आमची अडचण दोन मिनिटांत कळेल.

चारही पावत्या, तिन्ही तिकिटांची उत्तरे, जुन्या लॅपटॉपवर उघडलेल्या डावाचा फोटो आणि १८७ व्या टर्नची फाइल सोबत जोडली आहे. फाइल आपल्या माणसांनी तपासण्यासाठी हवी तितक्या वेळा उघडावी, चौघांचीही परवानगी मी घेतली आहे. पासवर्ड मात्र कुणाचाही कळवलेला नाही. चाल काकांची आहे, आणि डाव अजून चालू आहे.

आपली विश्वासू,
एक ग्राहक
(चौघांच्या वतीने)