मंत्री महोदय, आधी ती पुस्तिका मागे घ्या

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार. सरकारी संकेतस्थळावर काम करण्याआधी संगणकाच्या सेटिंग कशा बदलायच्या, हे सांगणाऱ्या पुस्तिकेबद्दल हे पत्र.

लालबागला माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. चार संगणक. त्यातल्या कोपऱ्यातल्या एकावर मी चिठ्ठी चिकटवली आहे : ‘यावर बँक उघडू नये.’ गिऱ्हाईक विचारतं, याला काय झालं? मी म्हणतो, काही नाही, हा सरकारी कामाचा आहे. लोक हसतात. मी मात्र विनोद केलेला नसतो.

ती चिठ्ठी कशी आली ते सांगतो. एका मजूर सहकारी संस्थेचे सचिव सरकारी संकेतस्थळावर निविदा भरायला आले होते. वयाने मोठे, मी त्यांना काका म्हणतो. डिजिटल सहीचं टोकन (पेन ड्राइव्हसारखं संगणकाला लावायचं) रुमालात गुंडाळून आणलेलं. मुदत संध्याकाळी पाचची, घड्याळात सव्वातीन. टोकन संगणकाला दिसत होतं, पण पानावर सही काही होईना. मदत क्रमांकावर फोन लावला (कोणत्या कार्यालयाचा ते इथे लिहीत नाही, दोष एकट्याचा नाही). पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, “सर, पुस्तिकेतली पानं ६ आणि ७ बघा. अँटिव्हायरस बंद करा, पॉप-अप ब्लॉकर बंद करा, अ‍ॅक्टिव्हएक्सचं सगळं ‘एनेबल’ करा.” केलं. चार चाळीसला निविदा गेली. काकांनी चहा पाजला.

पान ६ वर जे करायला सांगितलं होतं, त्यातल्या काही पर्यायांपुढे इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टनेच कंसात ‘सुरक्षित नाही’ असं छापलेलं असतं. तो पर्याय निवडला की तुमच्या सेटिंगमुळे संगणक धोक्यात आहे, अशी पट्टीही येते. पुस्तिकेत त्या पट्टीचं चित्र होतं आणि खाली ओळ होती : ‘हा संदेश आल्यास दुर्लक्ष करावे.’

अ‍ॅक्टिव्हएक्स हे १९९६ सालचं तंत्र. वेबपानाला थेट तुमच्या संगणकावर प्रोग्रॅम चालवता यावा यासाठी केलेलं. प्रोग्रॅम एकदा चालू झाला की तुम्ही जे करू शकता ते जवळजवळ सगळं तोही करू शकतो : फायली वाचणं, पुसणं, दुसरं काही आणून बसवणं. म्हणून ‘स्क्रिप्टसाठी सुरक्षित’ अशी खूण नसलेले प्रोग्रॅम ब्राउझर मुळात अडवतो. पुस्तिका नेमका तोच अडसर काढायला सांगते. तोही ‘ट्रस्टेड साइट्स’ या वेगळ्या कप्प्यात एकच पत्ता घालून नव्हे, तर ‘इंटरनेट’ या सर्वसाधारण कप्प्यात. एका भाडेकरूची चावी हरवली म्हणून अख्ख्या चाळीची कुलपं काढून ठेवण्यातला हा प्रकार.

आणि ती परत लावा, असं पुस्तिकेत कुठेच नाही. मीही विसरलो. जवळजवळ तीन आठवड्यांनी लक्षात आलं, तेव्हा त्या संगणकावर मी न बसवलेले दोन प्रोग्रॅम होते. मधल्या काळात त्यावर कोणी पासबुक पाहिलं, कोणी मुलीच्या प्रवेशाचा अर्ज भरला. कोणाचं काही गेलं का, हे मला आजही सांगता येत नाही. विंडोज पुन्हा टाकलं आणि चिठ्ठी चिकटवली.

जगाने हे दुकान केव्हाच बंद केलं आहे. जुन्या पद्धतीची प्लगिन्स, म्हणजे ब्राउझरला जोडायचे असेच छोटे प्रोग्रॅम, क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये बंद केली, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये. ब्राउझरमधलं जावाचं प्लगिन ओरॅकलने २०१८ च्या जावा ११ मधून काढून टाकलं. फ्लॅश २०२० अखेर संपलं. इंटरनेट एक्सप्लोरर ११ हा १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. आता पुस्तिकेची नवी आवृत्ती म्हणते, मायक्रोसॉफ्टच्या नव्या एज ब्राउझरमध्ये ‘आयई मोड’ (जुन्या इंटरनेट एक्सप्लोररसारखं पान उघडायची सोय) चालू करा. तिथे आपण घातलेला पत्ता ३० दिवसांनी आपोआप यादीतून निघतो, म्हणून दर महिन्याला पुन्हा तीच कसरत.

त्या आयई मोडचंही ऐका. काही हल्लेखोर लोकांना खऱ्यासारख्या दिसणाऱ्या संकेतस्थळावर आणून ‘हे पान आयई मोडमध्ये उघडा’ असं सांगत होते, आणि जुन्या इंजिनातल्या त्रुटीतून संगणकाचा ताबा घेत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये ही माहिती मिळाल्यावर मायक्रोसॉफ्टने सर्वसामान्यांच्या एजमधलं त्यासाठीचं टूलबारवरचं बटणच काढून टाकलं. चोरांनी लोकांना जे करायला सांगितलं, तेच आपली पुस्तिका चित्रांसह शिकवते.

माझी खरी तक्रार इथेच आहे. सेटिंग बदलता येते, विंडोज पुन्हा टाकता येतं. पण ‘इशारा आला तर दुर्लक्ष करावे’ हे माणसाच्या डोक्यात एकदा बसलं की पुसायचं कसं? परवा काकांना फोन आला होता. बँकेतून बोलतोय, एक अ‍ॅप टाका, ‘अज्ञात स्रोत’ असं काही येईल, ‘परवानगी द्या’ दाबा. काका मला विचारायला आले, हे नशीब. मी म्हटलं, काका, संशय कसा आला नाही? म्हणाले, “अरे, सरकारी साइटवर पण असंच सांगतात की.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपले अधिकारी सांगतील की कंत्राटदार कंपनीकडून बदल करून घ्यायला वेळ लागतो, काही प्रणाली केंद्राच्या आहेत. खरं असेल. दक्षिण कोरियाने १९९९ च्या सुमारास बँकांच्या कामासाठी असंच अ‍ॅक्टिव्हएक्सला जवळ केलं आणि त्यातून बाहेर पडायला दोन दशकं घालवली. त्यासाठी लागणाऱ्या तिथल्या सरकारमान्य डिजिटल सहीच्या प्रमाणपत्रांचा खास दर्जा डिसेंबर २०२० मध्ये गेला. आपल्याकडे पर्याय तयार आहेत. आधारवर आधारलेली ई-साइन, म्हणजे आधारने ओळख पटवून टोकनशिवाय करायची सही, २०१५ पासून नियमांत आहे. टोकनच हवं असेल, तर सहीपुरता छोटा प्रोग्रॅम संगणकावर वेगळा बसवता येतो, ब्राउझरला हात लावावा लागत नाही. (अशा काही प्रोग्रॅममध्येही ‘प्रमाणपत्र चुकीचं आहे, तरी पुढे जा’ असं दाबायला लावतात. तेही थांबायला हवं.)

प्रणाली बदलायला वर्ष लागेल, लागू दे. पण एक परिपत्रक काढायला तेवढा वेळ लागत नाही : राज्याच्या कोणत्याही संकेतस्थळाने, पुस्तिकेने किंवा मदत क्रमांकाने नागरिकाला अँटिव्हायरस बंद करायला, ब्राउझरची सुरक्षा खाली आणायला किंवा इशाऱ्याकडे दुर्लक्ष करायला सांगू नये. जिथे आज दुसरा इलाजच नाही, तिथे बदल त्या एका पत्त्यापुरता असावा आणि काम झाल्यावर तो मागे कसा घ्यायचा, हे त्याच पानावर मराठीत छापावं. तोवर मुदतीच्या दिवशी सही झाली नाही म्हणून कोणाची निविदा बाद करू नये. माणूस सगळी कुलपं काढतो ती त्या पाचच्या ठोक्याच्या भीतीनेच.

दुकान रविवारी बंद असतं, एरवी केव्हाही या. पुस्तिका माझ्याकडे आहे, टोकन काका देतील. येताना आपला रोजच्या वापरातला लॅपटॉप तेवढा आणा. पानं ६ आणि ७ आपण त्यावरच करून पाहू.

आपला,
लालबागचा एक झेरॉक्सवाला