‘अनलॉक्ड, सगळी सिम चालतात’ म्हणून विकलेल्या फोनवरून माझ्या सिमचा एक कॉल जात नाही, पैसे परत करा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
(ज्या वेबसाइटवरून मी फोन घेतला ती कंपनी)

साहेब / मॅडम,

मी सोलापूरहून लिहितेय, जुळे सोलापुरात राहते. घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते, नऊ वर्षं झाली. तुमच्या चॅटवर आणि फोनवर मिळून आतापर्यंत सहा वेळा तेच तेच सांगितलं आणि दर वेळी नवीन माणूस येतो आणि पहिल्यापासून विचारतो, म्हणून आता सगळं एकदाच नीट लिहून पाठवते, पूर्ण वाचा ही विनंती.

तुमच्याकडून ३२,४९९ रुपयांना फोन घेतला. पैसे एकरकमी भरले, हप्ते नाहीत. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लावला होता, त्यातले बाजूला ठेवलेले पैसे होते ते. जुन्या फोनची बॅटरी दुपारपर्यंत पण टिकत नव्हती आणि फोटो धुरकट यायचे, म्हणून मुलगा म्हणला एकदाच चांगला घे. तुमच्या पानावर फोनच्या नावापुढं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं ‘अनलॉक्ड’, आणि खाली, ‘भारतातली सगळी सिम चालतात, फोर-जी फाइव्ह-जी’. मी ते दोनदा वाचलं, आणि मुलाला दाखवलं, मगच पैसे भरले. त्या पानाचा स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे, सोबत जोडलाय. आता त्या पानावरची ती खालची ओळ काढून टाकलीय तुम्ही, पण स्क्रीनशॉटवर तारीख आहे.

मंगळवारी संध्याकाळी फोन आला. खोका उघडतानाच मनात पाल चुकचुकली होती खरं सांगायचं तर. सीलच्या पट्टीखाली अजून एक पट्टी होती, जुनी, अर्धी फाटलेली, नखानं ओढली तर चिकट गोंद बोटाला लागला. चार्जरच्या पिना चपट्या, आमच्या बोर्डात बसेनात, कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून ६० रुपयाचा कनेक्टर आणला तेव्हा चार्ज झाला. खोक्यावर एमआरपी नाही, भारतात कुणी आणला त्याचं नाव नाही, पत्ता नाही, तक्रारीचा नंबर नाही. मी हे का बघितलं सांगते. माझ्या २०० ग्रॅम चटणीच्या पाकिटावर मला माझं नाव, पत्ता, वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, फोन नंबर आणि फूड लायसन्सचा १४ आकडी नंबर छापावाच लागतो, एक राहिलं तरी दुकानदार माल परत पाठवतो. शंभर रुपयाच्या चटणीला जो नियम आहे तो बत्तीस हजाराच्या फोनला नाही का? बाहेरून आणलेल्या पॅक मालावर आणणाऱ्याचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापलेली पाहिजे हा नियमच आहे.

तरी म्हणलं असू दे, फोन चालला म्हणजे झालं. आणि फोन म्हणून वाईट नाही, खोटं कशाला बोलू. स्क्रीन लख्ख आहे, उन्हात गच्चीवर पण दिसतो. त्याच रात्री चटणीचा फोटो काढला तर उखळात कुटल्यावर शेंगाला जे तेल सुटतं ना त्याची चमक सुद्धा आली फोटोत, लाल तिखटाच्या कडेला तेलाची बारीक रेघ. नऊ वर्षांत असा फोटो मला काढता आला नव्हता. म्हणून जास्त वाईट वाटलं पुढं जे झालं त्याचं.

माझं जिओचं सिम टाकलं. वर फोर-जी आलं, दांड्या तीन. व्हॉट्सॲप चालू झालं. मग नणंदेला कॉल लावला. स्क्रीनवर ‘डायलिंग’ आलं, पाच-सहा सेकंद काही आवाज नाही, आणि कॉल आपोआप कट. परत लावला, परत कट. नणंदेनं तिकडून लावला तर तिला ऐकू आलं ‘आपण डायल केलेला नंबर बंद आहे’, आणि माझा फोन माझ्या हातात चालू, तीन दांड्या दाखवत. गच्चीवर गेले, कंपाउंडच्या बाहेर रस्त्यावर गेले, तेच. बँकेच्या ॲपमधून यूपीआय चालू करायला गेले तर त्याला या सिमवरून एक मेसेज जायला लागतो, तो जाईना, त्यामुळे यूपीआय पण नाही. सिम काढून जुन्या फोनमध्ये टाकलं, पहिल्या रिंगला कॉल लागला.

बुधवारी सकाळी नऊला तुमच्या चॅटवर तक्रार टाकली, म्हणजे फोन हातात येऊन पंधरा तास पण झाले नव्हते. पुढचं सगळं तुमच्याच चॅटमध्ये आहे. बुधवारी म्हणाले २४ तास थांबा. शुक्रवारी म्हणाले सॉफ्टवेअर अपडेट करा, केलं. शनिवारी म्हणाले फॅक्टरी रीसेट करा, तेही केलं, त्यात माझे फोटो गेले. सोमवारी म्हणाले सिम कंपनीला विचारा. मी काम टाकून सात रस्त्यावरच्या दुकानात गेले, त्या मुलानं माझं सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकून माझ्यासमोर कॉल लावून दाखवला. मंगळवारी मी तुम्हाला ते कळवलं. आणि बुधवारी तुमचा मेसेज आला की परत करायची ७ दिवसांची मुदत संपली, तक्रार बंद करतोय. सात दिवसातले सहा दिवस तुम्हीच मला हे करा ते करा म्हणत घालवले की ओ. तक्रार केली त्या दिवशी मुदत मोजायची की तुमचं उत्तर आलं त्या दिवशी?

मग मी नव्या पेठेत मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेले, ओळखीचा आहे, जुना फोन त्यानंच दोनदा करून दिलाय. त्यानं पाच मिनिटांत सांगितलं आणि एक रुपया घेतला नाही. त्यानं आधी सेटिंगमधला मॉडेल नंबर बघितला, मग स्टार हॅश शून्य सहा हॅश करून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, काढला आणि माझ्या जुन्या फोनवरून केवायएम लिहून पुढं तो १५ आकडी नंबर टाकून १४४२२ ला, म्हणजे फोनची माहिती कळवणाऱ्या सरकारी नंबरला, मेसेज केला. उत्तरात जे मॉडेल आलं ते सेटिंगशी जुळतं, पण तुमच्या पानावर दिलेल्या मॉडेलशी जुळत नाही. नावापुढचं एक अक्षर वेगळं आहे. तो म्हणाला, ‘ताई, हा इथला माल नाहीच, बाहेरच्या देशात विकायला केलेला फोन आहे, तिकडनं आणून विकालेत.’

त्यानं समजावलं ते तुमच्या चॅटवरच्या एकालाही माहीत नव्हतं किंवा माहीत असून बोलले नाहीत. अनलॉक्ड म्हणजे फोन कुठल्या एका सिम कंपनीला बांधलेला नाही, एवढंच. बाहेरच्या देशात सिम कंपनीच फोन हप्त्यानं देते आणि त्यात दुसऱ्याचं सिम चालू नये म्हणून लॉक टाकते, तो लॉक या फोनमध्ये नाही, ते खरं आहे. पण इथलं नेटवर्क त्याला पकडता येतं का आणि त्यावरून कॉल जातो का हे वेगळं. जिओचं टू-जी थ्री-जी नाहीच, पहिल्यापासून फक्त फोर-जी आणि आता फाइव्ह-जी, त्यामुळे कॉल पण इंटरनेटच्या रस्त्यानंच जातो, त्यासाठी फोनमध्ये आपल्या इथल्या कंपनीची व्हीओएलटीई, म्हणजे फोर-जीवरून कॉल करायची, सेटिंग आधीपासून भरलेली लागते. या मॉडेलमध्ये ती नाही, सेटिंगमध्ये बटनच दिसत नाही. दुसरं म्हणजे सिग्नलच्या वेगवेगळ्या लहरींना बँड म्हणतात, जिओचं फोर-जी बँड ३, ५ आणि ४० वर चालतं, आणि या फोनमध्ये त्यातला फक्त ३ आहे. बँड ५ म्हणजे ८५० मेगाहर्ट्झचा, तोच भिंतीतून आत येतो. म्हणून गच्चीवर तीन दांड्या आणि माझ्या स्वयंपाकघरात, स्लॅबखाली, चुलीपाशी, एकपण नाही. आणि मी दिवसातले नऊ तास तिथंच असते.

तुमच्या माणसानं यावर तीन उत्तरं दिली, तिन्हीची उत्तरं मी इथंच देते.

पहिलं, ‘एअरटेलच्या सिमवर कॉल लागतो म्हणजे फोन खराब नाही.’ हो, लागतो, मुलाचं सिम टाकून मीच बघितलं आणि मीच तुम्हाला सांगितलं. लागतो कारण त्यांचं टू-जी अजून चालू आहे आणि फोन कॉलसाठी खाली टू-जीवर उतरतो, कॉल चालू असेपर्यंत नेट बंद पडतं. पण तुम्ही ‘एक सिम चालतं’ असं लिहिलं नव्हतं, ‘सगळी’ लिहिलं होतं. आणि फोन खराब आहे असं मी एकदापण म्हणलं नाही. तुम्ही जे सांगून विकलं ते हे नाही, असं म्हणतेय.

दुसरं, ‘नंबर पोर्ट करून घ्या.’ नंबर बदलत नाही हे मलापण कळतं. पण ८४ दिवसांचा रिचार्ज मी गेल्याच महिन्यात मारलाय तो बुडणार, घरात बाकी तिघांची सिम जिओचीच, आणि मुळात फोन माझ्या सिमसाठी घ्यायचा की सिम तुमच्या फोनसाठी बदलायचं? पोर्ट करावं लागेल असं आधी लिहिलं असतं तर मी हा फोन घेतलाच नसता.

तिसरं, ‘व्हॉट्सॲप कॉल वापरा.’ माझा नंबर दोन हजार पाकिटांवर छापलेला आहे. त्यावर साधा कॉल येतो, साठी-सत्तरीच्या बायका करतात, लग्नघरातून येतो, पुण्याला पार्सल नेणाऱ्या बसचा ड्रायव्हर करतो. गेल्या शनिवारी हेच झालं. त्या दिवशी जुना फोन पूर्ण बंद पडला म्हणून सिम नव्यात होतं. पुण्याच्या एका घरगुती कार्यक्रमासाठी १२० भाकरी, मालदांडी ज्वारीच्या, पहाटे साडेतीनपासून थापलेल्या आधल्या दिवशी, कागदात बांधून दारात ठेवलेल्या. गाडी आली, ड्रायव्हरनं तीन वेळा कॉल केला, त्याला ‘बंद आहे’ ऐकू आलं, गाडी निघून गेली. मी आत फोन समोर ठेवून त्याच्या कॉलची वाट बघत बसले होते. कडक भाकरी महिनाभर टिकते, त्यामुळे माल वाया गेला नाही, नंतर विकला. पण त्या बाईंनी ऐनवेळी दुसरीकडून जेवण सांगितलं आणि आता त्या माझा फोन उचलत नाहीत. चार वर्षांचं गिऱ्हाईक होतं. याचे पैसे मी मागत नाही कारण ते पैशात मोजता येत नाही, पण तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

आणि वॉरंटी. पानावर १ वर्षाची होती. होटगी रोडच्या सर्व्हिस सेंटरला फोन दाखवला, त्यांनी नंबर टाकून बघितला आणि म्हणाले या मॉडेलला भारतात वॉरंटी नाही. म्हणजे उद्या स्क्रीन गेली तरी मीच बघायचं.

आता मला काय पाहिजे ते.

फोनचे पूर्ण ३२,४९९ रुपये ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत पाहिजेत. क्रेडिट पॉइंट नको, कूपन नको, बदलून दुसरा फोन नको. कनेक्टरचे ६० रुपये पण द्या, पावती आहे. फोन घरून उचलायचा खर्च तुमचा, मी कुरिअरला पैसे देणार नाही. आणि पानावर मॉडेल नंबर खरा टाका, कुठले बँड आहेत ते टाका, आणि हा बाहेरचा माल आहे आणि इथं वॉरंटी नाही हे ‘अनलॉक्ड’ इतक्याच मोठ्या अक्षरात लिहा. कारण माझ्यासारखी बाई अनलॉक्ड वाचते आणि समजते की झालं, सगळं चालतं, दुसरा अर्थ कुणाच्या डोक्यात येणार.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्यापासून ४८ तासांत तुम्ही पोच द्यायची असते आणि एक महिन्यात निकाल लावायचा असतो. पोच मला आजपर्यंत मिळालेली नाही, चॅट बंद केल्याचा मेसेज म्हणजे पोच नव्हे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मी काल कॉल करून तक्रार नोंदवलीय, नंबर मिळालाय. महिन्यात पैसे आले नाहीत तर इथंच सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक जिथं राहतो तिथंच केस टाकता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पण नाही. वकील लावणार नाही, मीच उभी राहणार. मला तसं करायची हौस नाही, एक दिवस तिकडं गेला की दोनशे भाकरी कमी होतात, पण जाणार.

सोबत पानाचा स्क्रीनशॉट, खोक्याचे सहा बाजूंचे फोटो, दोन्ही पट्ट्यांचा फोटो, १४४२२ चं उत्तर, चॅटचे सगळे स्क्रीनशॉट, आणि कॉल लावताना कट होतो त्याचा मुलानं काढलेला व्हिडिओ पाठवतेय. व्हिडिओत आधी नवीन फोन आणि मग लगेच जुना, तेच सिम, तीच खोली, न कापता एकाच वेळी काढलाय.

फोन रीसेट करून, खोक्यात, चार्जर आणि पिनसकट बांधून कपाटात ठेवलाय, एक ओरखडा नाही. पिकअपवाला दुपारी १ ते ४ मध्ये पाठवा, सकाळी चूल चालू असते आणि मला हात धुऊन दाराशी यायला वेळ लागतो. त्यानं आयएमईआय माझ्यासमोर जुळवून पावती द्यायची, पावतीशिवाय मी फोन देणार नाही. येताना त्याला कॉल करायला सांगा, सिम परत जुन्या फोनमध्ये टाकलंय, बॅटरी बदलून घेतली, लागेल.

आपली ग्राहक,
जुळे सोलापूर
(नाव, पत्ता, ऑर्डर नंबर ईमेलच्या विषयात दिलाय)