नागराजला चेहरा देणारे मुळीक

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत लहानपणीच्या चित्रकथांवर पानभर लेख आला. वेताळ होता, मँड्रेक होता, परदेशातून आलेले सुपरहिरो होते. अंगात साप वागवणाऱ्या, हिंदी कॉमिक्समधल्या नागराजच्या वाट्याला त्यात दीड ओळ आली, आणि तीही त्याला हिंदी पट्ट्यातला म्हणून बाजूला सारणारी. लेख मनापासून लिहिलेला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या दीड ओळीने मला दोन रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

मी भुसावळची. यजमान रेल्वेत होते. 1988 ते 1999 अशी अकरा वर्षं मी आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर कॉमिक्स भाड्याने देत होते. घरी न्यायचं तर पन्नास पैसे रोज, ओट्यावर बसून वाचायचं तर चार आणे. भुसावळ हे जंक्शन. इटारसी, खंडवा, झांशीकडची कुटुंबं आमच्या कॉलनीत होती, आणि हिंदी पुस्तकं फलाटावरच्या स्टॉलवर मराठीच्या बरोबरीने लागत. माझं गिऱ्हाईक मात्र निम्म्याहून जास्त मराठी होतं. साळुंके, पाटील, तायडे, चौधरी यांची पोरं शाळेत मराठी शिकत आणि माझ्या ओट्यावर हिंदी. संध्याकाळी फाटकाशी एकच प्रश्न असायचा, ‘काकी, नागराज आया क्या?’

ज्यांनी तो वाचला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दिल्लीच्या राजा पॉकेट बुक्सचे राजकुमार गुप्ता यांच्या राज कॉमिक्सने 1986 साली नागराज आणला. पहिली कथा लिहिली परशुराम शर्मा यांनी. ते हिंदीतले खपाऊ कादंबरीकार, म्हणजे पान उलटायला लावायचं कसं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कथेत प्रोफेसर नागमणी नावाचा एक शास्त्रज्ञ माणसाच्या रूपातलं विषारी शस्त्र तयार करतो आणि अतिरेक्यांना भाड्याने द्यायला काढतो. हे शस्त्र म्हणजे नागराज. हिरवं खवल्यांचं अंग, मनगटातून सुटणारे साप, विषाची फुंकर, चावला तर माणूस वितळून जावा असं जहर. डोक्यात बसवलेल्या एका कॅप्सूलमुळे तो मालकाचं ऐकतो. देवीची मूर्ती चोरायला गेलेला असताना त्याला गाठतात बाबा गोरखनाथ आणि त्यांचं मुंगूस, शिकांगी. मुंगूस नागाला नमवतं, बाबा कॅप्सूल काढतात, आणि मोकळा झालेला नागराज जगातला दहशतवाद संपवायची शपथ घेतो. पुढे तो हाँगकाँगपर्यंत फिरला.

हा अंक माझ्याकडे आला त्या दिवसांत सासूबाईंचं नवनाथ भक्तिसाराचं पारायण चालू होतं. दुपारी त्या ओट्यावर येऊन बसल्या आणि एका पोराला म्हणाल्या, मोठ्याने वाच रे. गोरखनाथांचं नाव ऐकल्यावर त्यांनी हात जोडले. संपल्यावर म्हणाल्या, ‘अगं, हे तर स्त्रीराज्यातलंच आहे.’ मला आधी कळेना. मग त्यांनी उलगडून सांगितलं: मच्छिंद्रनाथ मायेत अडकले, गोरक्षनाथ मृदंगावर ‘चलो मच्छिंदर, गोरख आया’ वाजवत गेले आणि त्यांना भानावर आणून घेऊन आले. इथे शिष्याने गुरूला सोडवलं, तिथे साधूने नागाला. बळ ज्याचं त्याचंच, फक्त दुसऱ्याच्या ताब्यात गेलेलं. चाळीस अध्याय कानांवरून गेलेल्या बाईला दिल्लीत लिहिलेली कथा अशी एका दुपारीत आपली वाटली. त्यानंतर नवा नागराज आला की आधी सासूबाईंना वाचून दाखवायचा, मगच भाड्याने द्यायचा, हा घरचा नियम झाला.

आता मुद्द्याकडे येते. नागराजच्या पहिल्या अंकांची चित्रं प्रताप मुळीक यांची. मुळीक पुण्याचे. त्यांच्याबरोबर ‘चंदू’ एवढ्याच नावाने दुसरे चित्रकार असत. माझ्याकडची हिंदीभाषक पोरं ‘मुलिक’ म्हणायची, कुणी ‘मल्लिक’. इंग्रजीत ते नाव अशा तऱ्हेने लिहिलं जातं की माणूस बंगाली वाटावा. एका तापट मुलाने, आता तो नागपुरात इंजिनीअर आहे, माझ्याशी पैज लावली होती की हे कलकत्त्याचे. मी त्याला ‘ळ’ लिहून दाखवला. या अक्षराने पुढे फरक पडला तो असा, की ओट्यावरच्या मराठी पोरांनी चित्रकाराचं नाव वाचायला सुरुवात केली. त्याआधी कोणी ते पान पाहतही नसे.

मुळीकांनी अमर चित्र कथेसाठी पुष्कळ काम केलं. ऐंशीच्या दशकात अमिताभ बच्चन यांना नायक करून निघालेल्या ‘सुप्रिमो’ची चित्रंही त्यांचीच. म्हणजे पुराणातला देव, इतिहासातला वीर आणि सिनेमातला नट हे तिन्ही त्यांच्या हाताखालून गेले होते. नागराज पाहताना मला ते पानोपानी दिसायचं. त्याचे खांदे पाहा, उभं राहणं पाहा, परदेशी सुपरहिरोसारखे फुगवलेले स्नायू नाहीत. देवळाच्या भिंतीवरच्या यक्षासारखं अंग आहे, भरीव आणि शांत. आणि साप! श्रावणात आमच्याकडे पाटावर नागोबा काढतात, वारुळाला लाह्या वाहतात, त्यामुळे फणा कसा धरला जातो हे आम्हा बायकांच्या बोटांत असतं. मुळीकांच्या सापांना वजन आहे. नागराजच्या दंडावरून उतरणारा साप तुम्हाला जड वाटतो, कातडीवरून सरकताना जाणवतो. हिरव्या अंगाचा, खवल्यांचा मनुष्य ओंगळ दिसायला वेळ लागत नाही. तो देखणा दिसला, विश्वासाचा वाटला, पाच वर्षांच्या मुलीने त्याला घाबरू नये असा दिसला, हे काम चित्रकाराचं. कथा शर्मांची, पैसा गुप्तांचा, पण चेहरा मुळीकांचा. आणि महानायकाच्या बाबतीत पोरं आधी चेहऱ्याला भुलतात, कथा नंतर.

मुळीकांनंतर संजय अष्टपुत्रे यांनीही नागराज काढला. याच प्रकाशनाचा भोकाल, जो ‘जय महागुरु भोकाल’ अशी आरोळी देऊन तलवार आणि ढाल मिळवतो, तो दिलीप कदम यांच्या हातचा. मुळीक, अष्टपुत्रे, कदम. ही आडनावं वाचून आपल्याला काय वाटायला हवं, हे मी सांगायला नको.

नव्वदीच्या मध्यावर नागराज अनुपम सिन्हांकडे गेला. याच प्रकाशनाचा दुसरा नायक, सुपर कमांडो ध्रुव, त्यांनी 1987 सालीच निर्माण केला होता, लेखन आणि चित्रं दोन्ही त्यांची. त्यांनी नागराजचं सगळंच बदललं. तो महानगर नावाच्या शहरात राहू लागला, राज नावाने नोकरी करू लागला. त्याला आईबाप मिळाले, तक्षकराज आणि ललिता, आणि अमृत प्यायलेला, म्हणून मरतच नाही असा दुष्ट चुलता नागपाशा. नागद्वीपाची राजकुमारी विसर्पी आली. शरीरात सौडांगी, शीतनागकुमार, नागू हे इच्छाधारी नाग राहायला आले. रक्तात पांढऱ्या पेशींच्या जागी सूक्ष्म साप आहेत, म्हणून जखम लगेच भरते, असं शास्त्रासारखं कारणही मिळालं. माझ्या ओट्यावर यावरून दोन तट पडले. मोठी पोरं म्हणत, आत्ता कुठे नागराजला घर मिळालं. सासूबाईंना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, साधूने सोडवलेला माणूस भटका असला पाहिजे, त्याला नोकरी कशाला? मी सिन्हांच्या बाजूची होते आणि आजही आहे. भाडं मला त्यांच्याच अंकांनी सर्वात जास्त मिळवून दिलं, आणि एकाच चौकटीत पंधरा माणसं आणि पन्नास साप बसवून कोण काय करतंय ते स्पष्ट ठेवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पण पुण्याच्या माणसाने घडवलेला तो शांत चेहरा गेला तो गेलाच.

माझी नोंदवही अजून आहे. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. 1991 च्या मे महिन्यात ‘नागराज की कब्र’ हा एकच अंक सत्तावीस वेळा बाहेर गेलेला दिसतो. मधली पिन गंजून पानं सुटत, म्हणून मी प्रत्येक अंक पाठीकडून जाड दोऱ्याने शिवून घेत असे. खाकी कव्हर घालत नसे, कारण मुखपृष्ठ झाकलं की पोरं अंक नेत नसत. सोबतचा स्टिकर कोणी काढून घेतला यावरून भांडणं होत. पत्र लिहिणारी पोरं शेवटी ‘जुनून’ लिहीत, राज कॉमिक्सच्या वाचकांची ती खूण. मग घरोघर केबल आली. 1997 च्या सुट्टीत ओट्यावर एका वेळी चार पोरं बसू लागली, आधी वीस बसत. 1999 ला मी बंद केलं.

मागच्या वर्षी मी एकसष्ट अंक आणि ती वही घेऊन जवळच्याच एका सार्वजनिक वाचनालयात गेले होते, फुकट द्यायला. तिथल्या गृहस्थांनी वरचे चार चाळले आणि म्हणाले, ‘बाई, हे पुस्तकांत धरता येत नाही.’ मी त्यांना मुळीकांचं नाव दाखवलं. त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं. मी पिशवी उचलून परत आले. राग त्यांच्यावर नाही. त्यांना ते नाव कुणी सांगितलं असतं? आपण मराठी वर्तमानपत्रांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठं करणाऱ्यांवर थोडंफार लिहिलं, व्यंगचित्रकारांवर लिहिलं. चित्रकथेत महिन्याला बत्तीस पानं काढणारा माणूस मात्र ना चित्रकारांत धरला, ना लेखकांत.

म्हणून आपल्याला विनंती आहे. आपले बातमीदार पुण्यात आहेत. या मंडळींच्या स्टुडिओत ज्यांनी पेन्सिलीवर शाई फिरवली, चौकटी आखल्या, अक्षरं लिहिली, त्यांच्यातले जे आहेत त्यांना गाठा. पानं किती मोठ्या कागदावर काढत, दिल्लीला कशी पाठवत, एका पानाचे किती मिळत, मूळ पानं परत येत की तिकडेच राहत, हे विचारा. कोणाच्या माळ्यावर मूळ पानं असतील तर त्यांचे फोटो छापा, नावासकट, ‘ळ’ सकट. त्या चित्रांना मिळालेल्या वाचकांपैकी हजारो जण आज आपलं वर्तमानपत्र घेतात.

आणि ज्या वाचनालयाला, शाळेला किंवा संग्रहालयाला हे एकसष्ट अंक ठेवून घ्यायचे असतील, त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावं. वही सोबत देईन. अट एकच, काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवायचे नाहीत. पोरांच्या हातात द्यायचे. शिवण मजबूत आहे, मी गेल्याच महिन्यात सगळ्या अंकांचा दोरा बदलला.

आपली नम्र,
एक जुनी वाचक आणि कॉमिक्सवाली काकी,
भुसावळ