सोलापूर कुठं आलं?

स्टुटगार्ट (जर्मनी), डिसेंबर

ती. आई, अप्पा आणि ती. आज्जी यांस मनूचा शिरसाष्टांग नमस्कार. शिल्पाला अनेक आशीर्वाद.

फोनवर आज्जीला माझं निम्मं ऐकू येत नाही, मग ती "बरं बरं" म्हणते आणि फोन शिल्पाकडं देते. म्हणून सगळं लिहून काढतेय. शिल्पा, आज्जीला सावकाश वाचून दाखव, मधलं गाळू नकोस.

आधी आईचं. जेवण वेळेवर होतं. ज्वारीचं पीठ इथल्या तमिळ दुकानात मिळतं, शेंगाचटणीची बरणी अजून अर्धी आहे. फोटोत तोंड उतरलेलं दिसलं, कारण तो रात्रपाळी संपल्यावर काढलेला होता. थंडी बाहेर असते, घरात नाही. दुपारी साडेचारला अंधार पडतो हे खरं, पण जूनमध्ये रात्री नऊलाही उजेड असतो, तेव्हा त्याची भरपाई होते.

आणि आई, ते जिने पुसण्याचं. व्हिडिओ कॉलवर बघून तू दोन दिवस जेवली नाहीस असं शिल्पा म्हणाली. नीट समजून घे. मला कुणी कामाला लावलेलं नाही. या भागात केरवोखे म्हणून प्रकार आहे. इमारतीतल्या प्रत्येक घराची झाडलोटीची पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक पाटी अडकवतात. मग त्या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना झाडायचा, ओल्या फडक्यानं पुसायचा, कठडा पुसायचा, खिडकीची कडा पुसायची. ही झाली लहान पाळी. मोठ्या पाळीत बाहेरचा फुटपाथ झाडायचा, कचऱ्याचे डबे वेळेवर रस्त्यावर ठेवायचे, बर्फ पडला तर लोक कामाला निघायच्या आत खोऱ्यानं बाजूला करायचा. जिना आधीच लखलखीत असला तरी पुसायचाच. झालं की पाटी शेजारच्या दाराला. भाड्याच्या करारातच लिहिलेलं असतं. वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब स्वतः बादली घेऊन उतरतात. इथं कुणी हे काम हलकं मानत नाही, उलट टाळलं तर नाव जातं. तेव्हा रडू नकोस.

खरं तर त्या जिन्यानंच माझी ओळख झाली. तळमजल्यावर एक आजी राहतात. पहिल्या पाळीला त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. मग विचारलं, भारतात कुठल्या? मी सोलापूर म्हटलं. त्यांना कळेना. पुण्याच्या खाली म्हटलं, तर चेहरा एकदम उजळला. पूना! त्यांची धाकटी बहीण १९७० नंतरच्या काळात रजनीशांच्या आश्रमात जाऊन राहिली होती. त्यांना कोरेगाव पार्क माहीत, तिथली वडाची झाडं माहीत. पण महाराष्ट्र माहीत नाही.

तेव्हापासून मी लक्ष ठेवून आहे. इथल्या माणसाला आपला देश नकाशावरून माहीत नसतो. ज्याचं कुणी जिथं गेलं, त्याला तेवढी जागा माहीत. मोटारीच्या कारखान्यात काम करणारा पेशंट असला की तो चाकण म्हणतो, कारण मर्सिडीजचा कारखाना तिथं आहे. बॉश कंपनीतला असला की बंगळूर. एक चर्चमधले गृहस्थ मला थेट केरळातलं तलशेरी सांगू लागले, कारण मल्याळमचा मोठा शब्दकोश करणारे हरमान गुंडर्ट मूळ स्टुटगार्टचे आणि मिशनरी म्हणून तिकडं राहिलेले. मुंबई मात्र पुष्कळांना ठाऊक, १९६८ पासून स्टुटगार्ट आणि मुंबई भगिनी शहरं आहेत.

आकाराचा अंदाज मात्र कुणालाच नाही. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात उत्तरेकडचे देश फुगलेले दिसतात. ग्रीनलँड भारताहून मोठं वाटतं, प्रत्यक्षात भारत त्याच्या दीडपट आहे. मी सांगते, जर्मनीचं क्षेत्रफळ साडेतीन लाख चौरस किलोमीटरच्या थोडं वर, आणि एकट्या महाराष्ट्राचं तीन लाखांच्या वर. आपल्या राज्यात माणसं तर अख्ख्या जर्मनीपेक्षा जास्त. सोलापूरची वस्ती २०११ च्या जनगणनेलाच साडेनऊ लाख होती, स्टुटगार्टची आज सहा लाखांच्या आसपास. हे ऐकून लोक गप्प होतात. त्यांच्या मनात सोलापूर म्हणजे विहीर आणि चार घरं. मला त्याचं वाईट वाटतं, म्हणून मी दर वेळी सांगते, कंटाळा करत नाही.

आपल्याकडं तरी काय वेगळं आहे? मामा म्हणतात, लंडनच्या पिंट्याला रविवारी भेटून ये. मध्ये देश आहेत, समुद्र आहे. आणि अप्पा, युद्ध माझ्या शेजारी चाललेलं नाही. जर्मनी आणि युक्रेनच्या मध्ये अख्खं पोलंड आहे. सोलापूरहून दिल्ली जेवढी लांब, त्याहून कीव्ह मला लांब. बातम्या लागल्या की छातीत धस्स होतं म्हणता, तर भिंतीवरच्या नकाशात एकदा बोटानं मोजून बघा. हिमाचलात दरड कोसळली की इथले लोकही मला विचारतात, घरचे सुखरूप ना? काळजी खरीच असते. पण आपल्या सीना नदीला पूर आला, तेव्हा मला कुणी विचारलं नाही.

आता मुख्य सांगते. आमच्या वॉर्डात एक चिनी डॉक्टर आहेत, हेबेई प्रांतातल्या शिजियाझुआंगच्या. चहाच्या सुट्टीत त्यांनीही विचारलं, कुठली? मी सोलापूर म्हटलं आणि सहज सांगितलं, आमच्या गावचे एक डॉक्टर १९३८ साली चीनला गेले होते, पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात. त्यांनी कप खाली ठेवला. "के दिहुआ?" आपले द्वारकानाथ कोटणीस! त्यांच्या गावातल्या स्मशानभूमीत डॉक्टरांची समाधी आहे, पुतळा आहे. लहानपणी शाळेतून फुलं वाहायला नेलं होतं म्हणाल्या. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले, वय अवघं बत्तीस, हे त्यांना पाठ होतं. फक्त ते भारतात कुठले, हे कुणी शिकवलं नव्हतं. मी फोनवर नकाशा उघडला, सिद्धेश्वर तलाव दाखवला, मग भैय्या चौक. दोन बोटांनी मोठं करून करून बघत होत्या. आता वॉर्डात नवी नर्स आली की माझी ओळख त्याच करून देतात, ही के दिहुआंच्या गावची. अप्पा, मला किती बरं वाटतं ते लिहिता येत नाही. शिल्पा, भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकाचे चांगले फोटो काढून पाठव, दिवसा काढ, समोर गाडी उभी नको.

अप्पा, दुकानात टॉवेल घेताना मी कडेची चिठ्ठी उलटून बघते. भारत एवढंच लिहिलेलं असतं. गाव लिहीत नाहीत. तुमच्या मागावरचाही एखादा इथवर येत असेल.

पैसे पाच तारखेला पाठवलेत. त्यातून पतसंस्थेचा हप्ता आधी भरा. भाषेच्या वर्गासाठी काढलेलं कर्ज माझं आहे, ते मार्चपर्यंत फिटेल. उरलेल्यात अप्पांची साखर तपासा, पैसे वाचवायला पुढं ढकलू नका. आज्जीचं कानाचं यंत्र घ्या, बिल मला पाठवा.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला येणं जमत नाही. इथं वर्षभराच्या रजा आदल्या वर्षीच ठरतात आणि जानेवारीत कुटुंबवाल्यांना आधी मिळते. अक्षता सोहळ्याला आज्जीजवळ शिल्पानं उभं राहावं, गर्दीत हात सोडू नये. मला थोडा वेळ तरी व्हिडिओ लावा, मी ड्युटीवर असले तरी बघेन.

बार्शीच्या स्थळाचं. मुलगा चांगला आहे, माझं त्याच्याशी बोलणं झालं. पण दोन वर्षांत नोकरी सोडून परत यायचं, हे मी आत्ताच कबूल करू शकत नाही. त्यांना खोटी आशा लावू नका, मी स्वतः फोन करून सांगते, म्हणजे तुम्हाला अवघड जाणार नाही. आणि थोरलीचं झाल्याशिवाय धाकटीचं नाही, हे आता सोडा. शिल्पाला कुर्डुवाडीचं स्थळ पसंत आहे ना? मग पुढं जा. हॉलचे आगाऊ पैसे मी देते. तारीख मे महिन्यानंतरची धरा, रजेचा अर्ज आत्ताच टाकते. तारीख ठरली की त्याच दिवशी कळवा.

तुमची,
मनू