सूत्रावर तळहात ठेवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सादर प्रणाम. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावांत दहावीला गणितात काठावर सुटलेली मुलगी कला शाखेला जाते ती सुटकेचा श्वास टाकूनच, आणि एम.ए.ला संशोधन पद्धतीच्या पेपरात तेच गणित सांख्यिकी हे नाव घेऊन पुन्हा दारात उभे राहते. तुमच्याआधी ज्यांनी आम्हांला हा विषय शिकवला, त्यांनी संभाव्यतेच्या सिद्धान्तांनी सुरू होणारा जाडजूड ग्रंथ झेरॉक्स करून घ्यायला लावला आणि शंका विचारली की "एवढेही येत नाही, तर एम.ए.ला आलात कशाला?" असे ऐकवले. त्या झेरॉक्सचे पैसे अजून डोळ्यांपुढे येतात.

तुम्ही निवृत्त, वर कापूस वेचणीचे दिवस. तरीही ग्रंथालयात येऊन तुम्ही तीन पुस्तके आमच्यापुढे ठेवलीत. "यावरून उघडच आहे" असे पानोपानी म्हणणारे पुस्तक तुम्ही लगेच बाजूला सारलेत, नुसती उत्तरे देणारे गाईडही सारलेत, आणि आधी आकडे, मग रीत व शेवटी सूत्र देणारे बारीकसे पुस्तक निवडलेत.

पण मला आठवतो तो तुमचा हात. प्रमाण विचलनाच्या, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरले ते मोजण्याच्या, पानावरचे सिग्माचे ग्रीक चिन्ह पाहून मी पुस्तक मिटू लागले, तेव्हा खताने भेगाळलेला तळहात तुम्ही त्या सूत्रावर ठेवलात आणि म्हणालात, "खालचं राहू दे पोरी, आधी वरचं वाच." मग समासात पेन्सिलीने तीन वावरांचा एकरी उतारा लिहिलात: 4, 6, 8 क्विंटल. सरासरी 6; फरक उणे 2, 0 आणि 2; त्यांच्या वर्गांची बेरीज 8; तिला दोनने भागून 4, वर्गमूळ 2. तीनाऐवजी दोनने का, हे विचारायचा मला धीर झाला, आणि तुम्ही हसला नाहीत. सरासरी ठरली की दोन फरकांवरून तिसरा आपोआप ठरतो, मोकळे दोनच उरतात, एवढेच सांगून तुम्ही हात उचललात. खालचे सूत्र तेच सांगत होते.

थोड्याच आकड्यांवरून सरासरीतला फरक खरा की योगायोगाचा हे तपासणारी टी-चाचणी मांडणारा गॉसेट डब्लिनच्या मद्यनिर्मिती कारखान्यात नोकरीला होता आणि 1908 मध्ये त्याने ती 'स्टुडंट' या टोपणनावाने छापली, हे तुमच्याकडून ऐकून आमचा अख्खा बाक हसला होता. न येणाऱ्याला न लाजवता शिकवणे हा साधा माणूसपणा. पदव्यांच्या मानाने तो फारच थोड्यांकडे सापडतो.

शेतमजूर बायांच्या मजुरीवरचा माझा लघुप्रबंध मान्य झाला. तुमचे पुस्तक मात्र पुढच्या वर्गातल्या मुलींनी नेले आहे. दिवाळीपर्यंत मुदत द्यावी.

आपली विद्यार्थिनी